सोसायटीच्या आवारातील रेडिएटर

मोटारीचे इंजिन इंधन जाळून जी उष्णता निर्माण करते तिचा मोठा हिस्सा गाडी पुढे नेण्याच्या कामी येत नाही. ही फुकट गेलेली उष्णता वाहून आणणारे पाणी वाऱ्याने निववण्यासाठी समोरच्या जाळीमागे बारीक नळ्यांची आणि पातळ पात्यांची जी चौकट बसवलेली असते, तिला रेडिएटर म्हणतात. विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या सुमारास मर्सिडीझसाठी पोळ्याच्या घडणीचा रेडिएटर तयार केला, तेव्हा गाडी धावेल आणि तिला वारा लागेल हे त्यांनी गृहीत धरले असावे. ठाण्याचा घोडबंदर रस्ता त्यांनी पाहिलेला नव्हता. गायमुखच्या चढावर गाडी तासभर तसूतसूने सरकते तेव्हा वाऱ्याचे सारे काम विजेच्या पंख्यावर पडते, आणि पंख्याने हात टेकले की तापमानाचा काटा वर चढतो.

कुर्ल्यात बनलेल्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचा तांब्या-पितळेचा रेडिएटर गळला तर डाक लावून भागत असे. आजच्या अॅल्युमिनियमच्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी तडकली की बहुधा तो अख्खा बदलावा लागतो, आणि गॅरेजवाल्याने सांगितलेली रक्कम ऐकून ठाणेकर गृहस्थ हे काम रविवारी स्वतःच करण्याचे ठरवतो.

काम तसे सरळ असते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण झाकणाने धरलेल्या दाबामुळे शंभर अंशांपलीकडेही न उकळलेले पाणी झाकण फिरवताच अंगावर उसळते; मग जुने पाणी काढून, वरचा व खालचा होज सोडवून, पंख्याची वायर काढून रेडिएटर उचलावा. एसीच्या कंडेन्सरला, म्हणजे रेडिएटरपुढील तशाच दिसणाऱ्या चौकटीला, हात लावू नये.

अडचण निराळीच असते. फ्लॅटधारकाला बंद दाराचे गॅरेज नसल्यामुळे हा सोहळा स्टिल्ट पार्किंगमध्ये सर्वांच्या साक्षीने पार पडतो. वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झालेले काका पाठीमागे हात बांधून "आमच्या वेळी नुसतं पाणी ओतायचो" असे सांगतात, दहा नंबरचा पाना कोणीतरी "जरा बघू" म्हणून घेऊन जातो, सेक्रेटरी लेखी परवानगीची चौकशी करतात, आणि प्रत्यक्ष उपयोग होतो तो निमूटपणे बॅटरी धरणाऱ्या वॉचमनचाच.

नवा रेडिएटर बसवून त्यात कूलंट, म्हणजे मुख्यतः इथिलीन ग्लायकॉलचे द्रावण, भरावे आणि ते पातळ करायचे असल्यास डिस्टिल्ड वॉटरच वापरावे. टँकरच्या पाण्याने गीझरची काय दशा होते हे पाहिलेल्या रहिवाशाला याचे कारण समजावण्याची गरज नाही. आत अडकलेली हवा निघावी म्हणून हीटरवाल्या गाडीत तो पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवतात, आणि हे मे महिन्यात, ठाण्यात करणाऱ्याची निष्ठा वादातीत मानावी.

जुने कूलंट मात्र गटारात ओतू नये. ते गोड असते, विषारी असते आणि पार्किंगमधली मांजरे ते चाटतात. कॅनमध्ये भरून ते गॅरेजमध्ये द्यावे, अन्यथा सेक्रेटरींच्या नोटिशीला प्रथमच शास्त्रीय आधार मिळतो.