आनंद घ्या, पोच द्या

दुर्गम शाळेतले मास्तर सुखी आहेत, याबद्दल इंदूरच्या पलासियात कोणालाच शंका नाही. छप्पन दुकानला पोहे-जलेबीची प्लेट हातात आली की कोणीतरी हमखास म्हणतं, "काय ऐश आहे बुवा! साहेब नाही, ट्रॅफिक नाही, पगार मात्र सुरू!"

सरकारलाही त्यांच्या सुखाची भारी काळजी. 2016 साली मध्य प्रदेशाने आनंद विभाग काढला; असं खातं काढणारं हे देशातलं पहिलंच राज्य. जानेवारीत आनंद उत्सव असतो आणि कर्मचाऱ्यांसाठी 'अल्पविराम' नावाचा कार्यक्रम: घटकाभर शांत बसा, स्वतःच्या आत डोकावा.

अलीराजपूर जिल्ह्यात, सोंडव्याकडच्या डोंगरातले माटसाब आत डोकावायला एका पायावर तयार आहेत. अडचण एवढीच, की वर्ग पाच आणि मास्तर एक. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन मास्तर हवेत. दुसरे कागदावर आहेत, आणि तिथे ते अत्यंत सुखात आहेत. माटसाबांनी डोळे मिटले रे मिटले, की पहिलीतली पोरं मोहाच्या झाडावर. पोरं भिलाली बोलतात, पुस्तक हिंदी बोलतं, मधल्या मध्ये माटसाब दुभाषी.

2025 च्या जुलैपासून हजेरी मोबाइल अॅपवर, तीही शाळेतूनच. शाळा खाली, नेटवर्क टेकडीवर. खाली थांबावं तर हजेरी लागत नाही, वर जावं तर अॅप म्हणतं, आपण शाळेत नाही. आत डोकावण्याची खरी वेळ हीच.

कायद्याचं सत्ताविसावं कलम मात्र मास्तरांच्या बाजूने आहे. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम त्यांना देताच येत नाही. उरलेल्या वेळात शिकवायला कोणाची हरकत नाही. 2011 च्या जनगणनेत अलीराजपूर देशातला सर्वांत कमी साक्षर जिल्हा ठरला, शंभरात छत्तीस. घरोघर फिरून हे मोजायलाही मास्तरच.

2018 च्या जानेवारीत, म्हणजे ऐन आनंदाच्या महिन्यात, भोपाळला स्थानिक संस्थांच्या नोकरीतल्या काही अध्यापक महिलांनी मुंडण करून घेतलं. मागणी होती शिक्षण विभागात विलीनीकरणाची. डोकं हलकं करण्याची ही पद्धत 'अल्पविराम'मध्ये नव्हती. त्यांचं घोडं अर्धंमुर्धं गंगेत न्हालं. सरकार बदलल्यावर आनंद विभाग मात्र पुरताच अध्यात्म विभागात विलीन झाला, आणि पुढे पुन्हा वेगळा निघाला. एवढ्या बदल्या माटसाबांच्या नशिबी कुठून?

आमची एक नम्र सूचना आहे. आनंद विभागाचं कार्यालय एका पावसाळ्यापुरतं सोंडव्याच्या डोंगरात हलवावं. साहेबांनी रोज टेकडी चढून हजेरी लावावी आणि आनंदाचा अहवाल भोपाळला ऑनलाइन पाठवावा.

ते जमणार नसेल, तर माटसाबांना नुसता दुसरा मास्तर पाठवा. तो आनंदी नसला तरी चालेल.