फोमकाका

बेंगळुरूच्या गणेशोत्सवात आरतीचं तबक पेटण्याआधी वाऱ्याची दिशा बघणारे गृहस्थ दिसले, की समजावं फोमकाका आले. मंडपात ते बसतात ते बाहेर पडायच्या वाटेजवळ, आणि बसण्याआधी वॉचमनला वाळूची बादली कुठंय विचारतात. तो बिचारा म्हणतो, "बेंकी इल्ला सार!" आग नाही म्हणून बादली नाही, हे तर्कशास्त्र काकांना मान्य नाही.

पीण्या या औद्योगिक भागातल्या कारखान्यांना मॉनिटर विकण्यात काकांचा जन्म गेला. मॉनिटर म्हणजे पाण्याची तोफ. काही जागच्या जागी पाइपावर बसवलेल्या, काही चाकांवर ओढून न्यायच्या. माणूस जवळ जाऊ शकत नाही अशा आगीवर दुरून मारा करायचा. तेल पेटलं तर पाण्यात शंभराला तीन या प्रमाणात फोमचं द्रावण. "फोम तेलात खुपसायचा नाही हो, वरून अलगद पसरू द्यायचा!" हे ते लग्नातही सांगतात. अक्षता मागच्या रांगेतून, वाऱ्याला पाठ देऊन, तीस अंशांत टाकतात. पडतात त्या भटजींवर, पण अलगद.

2024 च्या उन्हाळ्यात शहर टँकरच्या भावाने रडत होतं. काकांनी सोसायटीच्या सभेत हिशेब मांडला, "बारा हजार लिटरचा टँकर? मिनिटाला चार हजारवाला मॉनिटर तीन मिनिटांत संपवतो." त्या सभेनंतर त्यांना कुणी बोलायला उभं केलं नाही.

बेळ्ळंदूर तलावाचा विषय मात्र काढू नये. एका भाच्याने काढला होता, "काका, फोम तर इथे रस्त्यावर फुकट उडतोय!" काका लालबुंद. "तो सांडपाण्याचा फेस! आग विझवणारा फोम वेगळा. 2018 च्या जानेवारीत तोच तलाव पेटला, तेव्हा लष्कराचे जवान बोलवावे लागले!" काकूंनी ताक आणून दिलं.

14 एप्रिलला ते थट्टा चालवून घेत नाहीत. 1944 साली मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाच्या स्फोटांत अग्निशमन दलाचे 66 जण गेले, तो हा दिवस.

काकांनी विकलेल्या एकाही मॉनिटरवर खरी आग विझवायची वेळ आलेली नाही. याचं त्यांना समाधान आहे की रुखरुख, हे विचारायचंच असेल तर जेवून जा. उत्तराला दीड तास लागतो.