एसी आहे, हवा नाही

बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणतंय आणि आत लेखा विभागातल्या बाई शाल पांघरून बसल्यात. एसी १८ वर. गारठवायचा खर्च कंपनीचा, शालीचा बाईंचा.

सरकारने आपलं काम केलंय बरं का. १ जानेवारी २०२० पासून घर-ऑफिसातला नवा एसी सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू व्हावा, असा नियम आहे. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, हे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगून थकला. एसी बिचारा नियम पाळतो, २४ वर सुरू होतो.

मग साहेब येतात.

मोठ्या इमारतीत रिमोट नसतो, भिंतीवर सेन्सर असतो. कुठल्या भिंतीवर? जिथे वायर ओढणं सोपं गेलं, तिथे. शेजारी झेरॉक्स मशीन, समोर ऊन येणारी काच. सेन्सरला उकडतं, म्हणून माणसं कुडकुडतात.

बायकाच जास्त कुडकुडतात, हा त्यांचा नाजूकपणा म्हणायचा? २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की ऑफिस किती गार असावं या गणितात शरीराच्या उष्णतेचा आकडा सरासरी पुरुषाचा धरलाय. बायकांच्या बाबतीत तो ३५ टक्क्यांपर्यंत फुगलेला असू शकतो. म्हणजे शाल नाजूकपणाची नाही, गणित चुकल्याची.

हे झालं तापमानाचं. हवेचं काय?

आपला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही. तुमचाच उच्छ्वास गार करून तुम्हाला परत देतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२०. खोलीत तो हजारावर जाऊ नये, असं म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगितलं होतं. बंद मीटिंग रूममध्ये दहाजण कोंबा आणि तासभर स्लाइड दाखवा. हजार केव्हाच मागे पडतो. डुलक्यांचं सगळं श्रेय वक्त्याला देऊ नका.

आता ‘स्मार्ट’ इमारती आल्यात. लॉबीत मोठा स्क्रीन, त्यावर हवेचे हिरवेगार आकडे. लॉबीचं दार दर मिनिटाला उघडतं, आकडे हिरवे नसतील तर काय? मीटिंग रूममध्ये मात्र मापक नाही. तिथला आकडा पाहुण्यांना दाखवण्यासारखा नसतो.

मापक लावलाच, तर आकडे जातात कुणाकडे? मेंटेनन्सकडे. मेंटेनन्स काय करतो? महिनाअखेर तक्ता पाठवतो. खिडकी उघडायची परवानगी त्यालाही नसते.

तेव्हा पुढच्या मीटिंगला एक छोटा मापक टेबलावर ठेवाच. आकडा हजारावर गेला, की साहेबांना सांगा, एक तर खिडकी उघडा, नाही तर मीटिंग संपवा.