सवलतीची वेचणी

वणीहून यवतमाळकडे निघालं की मारेगाव लागतं. तालुक्याचं गाव. कापूस, तूर, सोयाबीन हे तिथलं अर्थशास्त्र आणि ‘यंदा काय भाव?’ हा तिथला नमस्कार. तालुक्याच्या अशा गावांतून हल्ली किराणा दुकानांच्या पाट्या उतरून मार्टच्या पाट्या चढू लागल्या आहेत. ज्याला मोठं दुकान पाहायचं असतं तो नागपूरला पोरीकडे गेला की डी-मार्टात जाऊन येतो आणि परतल्यावर साबण केवढ्याला पडला हे शेजाऱ्यांना सांगत बसतो. त्यात एसटीचं तिकीट धरलं का, असं विचारणारा शेजारी जळका समजावा. मार्ट नागपूरचं असो की तालुक्याचं, मालाबरोबर बिलाची एक लांब पट्टी मिळते आणि तिच्या तळाशी ‘आपली बचत’ म्हणून एक आकडा छापलेला असतो. लोक एकूण रकमेकडे कानाडोळा करतात आणि हा आकडा मात्र घरी नेऊन दाखवतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ती बचत नाही आणि दुकानदाराची मेहेरबानी तर नाहीच नाही. ती मजुरी आहे. दुकानात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत आपण जी कामं केली, त्यांचे पैसे बिलातून वळते करून मिळाले. ज्या गावात कापसाची वेचणी किलोमागे दर ठरवून होते, तिथं हे पटायला जड जाऊ नये.

कामं कोणती ते आधी पाहू. जुन्या दुकानात गिऱ्हाइकाला फक्त तोंड चालवावं लागे. ‘दोन किलो साखर, पावभर शेंगदाणे, अन् चहापत्ती मागच्यासारखी.’ पोत्यातून माल काढणं, तोलणं, पुडा बांधणं, दोरा दातानं तोडणं आणि थैली सायकलला अडकवून देणं ही दुकानातल्या माणसाची कामं. मार्टात ही सगळी कामं गिऱ्हाइकाच्या अंगावर आहेत. साखर आपण शोधायची. ती मागच्या महिन्यात जिथं होती तिथं आज फिनेल असतं. शोधून झाली की तोलायची, तोलून झाली की वाहायची. ही युक्ती अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या क्लॅरेन्स सॉन्डर्स यांची. १९१६ साली त्यांनी ‘पिगली विगली’ नावाचं दुकान काढलं, गिऱ्हाइकाच्या हाती टोपली दिली आणि वाट अशी आखली की सगळ्या फळ्यांसमोरून गेल्याशिवाय पैसे देण्याच्या जागी पोचताच येऊ नये. या रचनेचं त्यांना पेटंटही मिळालं. नोकरांचा पगार वाचला आणि माल स्वस्त झाला. पुढे १९३७ साली ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन यांच्या लक्षात आलं की टोपली जड झाली की गिऱ्हाइकाची खरेदी थांबते. म्हणून त्यांनी टोपलीला चाकं लावली. पण लोक गाडीला हात लावेनात. तरुणांना त्यात कमीपणा वाटला आणि बायकांचं म्हणणं पडलं की बाबागाड्या ढकलून झाल्या तेवढ्या पुरे. तेव्हा गोल्डमन यांनी पगार देऊन माणसं ठेवली. गिऱ्हाईक असल्याचं सोंग घेऊन गाड्या ढकलत दुकानात हिंडायचं, एवढंच त्यांचं काम. गाडी ढकलण्याचे पैसे रोख मिळालेली ती बहुधा शेवटचीच माणसं असावीत.

वेचणी आटोपली की मोजणी, आणि खरा घाम तिथंच निघतो. काउंटर दोन असतात, त्यांपैकी एकावर बिस्किटांची खोकी रचलेली असतात. रांगेचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एर्लांग यांनी १९०९ पासून मांडायला घेतलं, तेव्हापासून ते शास्त्र बरंच पुढं गेलं. तीन सारख्या रांगा असल्या तर आपलीच सगळ्यांत आधी सरकण्याची शक्यता तीनांत एक. म्हणजे तीनांतल्या दोन खेपांना दुसरीच कुठली तरी रांग पुढं जाणार. यात आपल्या पत्रिकेचा काही दोष नाही. मात्र बिल अर्धं झाल्यावर ‘अगं बाई, हिंग राह्यलं!’ म्हणून फळ्यांकडे धावणाऱ्या वहिनी आणि तोवर काउंटरवरच्या मुलीकडे पाहून उगाच हसणारे भाऊ या गणितात कुठं बसवायचे, ते शास्त्रानं अजून सांगितलेलं नाही. बारकोड आला तो हा वेळ वाचवायला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंगमचं एक पाकीट काचेवरून फिरलं आणि यंत्रानं पहिल्यांदा त्यावरचा बारकोड वाचला. च्युइंगमचं पाकीट सपाट असतं. तूरडाळीचं नसतं. काउंटरवरची मुलगी ते आडवं फिरवून पाहते, उभं फिरवून पाहते, चुरगळलेली पट्टी दोन अंगठ्यांनी ताणते आणि शेवटी डोळे बारीक करून तेरा आकडे एकेक करून टिपायला लागते. आठव्या आकड्याला मागून कोणी तरी विचारतं, ‘मॅडम, हे मीठ केवढ्याचं?’ आणि ती पुन्हा ८९० पासून सुरुवात करते. मग मोबाईल नंबर मोठ्यानं सांगायचा, तो सगळ्या रांगेला पाठ होतो. मग यूपीआय. पैसे आपल्या खात्यातून निघालेले असतात पण दुकानात पोचलेले नसतात. ते वाटेत नेमके कुठं थांबलेत यावर रांगेतल्या खर्रा चघळणाऱ्या तज्ज्ञांची चर्चा होते. शेवटी सुट्ट्या रुपयाऐवजी एक गोळी हातावर पडते, आणि चिल्लर पाडण्याचं सरकारी टांकसाळीचं काम गोळ्यांच्या कारखान्यानं कधी अंगावर घेतलं, हे विचारायचं त्राण कोणात उरत नाही.

सवलतीला मजुरी म्हणण्यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. माल स्वस्त मिळतो तो ठोक खरेदीमुळे. गिऱ्हाइकाच्या घामाचा यात काय संबंध? आक्षेप अर्धा खरा आहे. राधाकिशन दमानी यांनी २००२ साली मुंबईत पवईला पहिलं डी-मार्ट काढलं. शक्यतो जागा भाड्यानं न घेता विकत घ्यायची, खपणारा मालच ठेवायचा आणि पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून भाव पाडून घ्यायचा, ही त्या धंद्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातून स्वस्ताई येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याच कंपनीच्या ऑनलाइन सेवेत माल घरी आणून द्यायचा तर वेगळा आकार पडतो. ठोक खरेदी तीच, साखरही तीच. फरक एवढाच की शोधायचं, वाहायचं आणि आणायचं काम दुसऱ्यानं केलं. म्हणजे त्या कामाला किंमत आहे हे दुकानालाही मान्य आहे. आपण ते केलं की ती किंमत तेवढी दिसत नाही. आणि ठोक खरेदीच्या नफ्यातलं कोणाला किती द्यायचं हे गिऱ्हाईक ठरवत नाही. मार्च २०१७ मध्ये या कंपनीचा शेअर २९९ रुपयांना विकला गेला आणि बाजारात आला त्याच दिवशी सहाशेच्या वर गेला. टोपली न उचलता आणि रांगेत उभं न राहता पदरात पडलेली बचत ती.

दुसरा आक्षेप असा की खेड्यातल्या माणसाकडे वेळच वेळ आहे, तासभर रांगेत उभा राहिला तर त्याचं काय गेलं? हा आक्षेप बहुधा शहरातून येतो. यवतमाळ जिल्ह्याला रांगेचं अप्रूप सांगू नये. १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीच्या दिवसांत खरेदी केंद्राबाहेर कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागायची आणि शेतकरी बंडीखालीच रात्र काढायचा. रांगेत उभं राहण्याची ज्यांची पदवी तेव्हाच पूर्ण झाली, त्यांना थांबण्याचा भाव चांगला कळतो. वेचणीच्या दिवसांत बाईचा एक तास म्हणजे वेचायचे राहिलेले काही किलो. तो तास मार्टच्या रांगेत गेला तर खाडा पडतो, मग बिलावर त्याची नोंद असो की नसो.

आता मजुरीतला एक भाग असा आहे जो कष्टाचा नाही, रोकडीचा आहे. मार्टात उधारी नाही. किराणा दुकानात वही आहे. जूनमध्ये पेरणीत पैसा मातीत जातो आणि कापूस विकून चुकारा हाती येईपर्यंत दिवाळी उलटते. मधल्या महिन्यांतलं तेल, मीठ, चहापत्ती त्या वहीवर येतं. किराणावाला हे पुण्य म्हणून करत नाही. थांबण्याचे पैसे तो भावात लावतो, आणि त्याच्याबद्दल गळा काढून लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये. पण मग मार्टची सवलत म्हणजे काय? बऱ्याच अंशी न लागलेलं व्याज. ते कोणाला मिळतं? गुरुजींना मिळतं, बँकेतल्या साहेबांना मिळतं, वणीकडच्या वेकोलिच्या कोळसा खाणीतल्या पगारदाराला मिळतं. मार्टची सवलत महिन्याच्या पगारावर चालते आणि मारेगावचा बराच संसार कापसाच्या हंगामावर चालतो. त्यामुळे एकाच गल्लीत ज्याच्याकडे पैसे आहेत त्याला तीच साखर स्वस्त पडते आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला महाग. स्वस्त दुकान गरिबांसाठी असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी पाच लिटर तेलाचा डबा एकरकमी कोण उचलतं ते एकदा पाहावं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे आणि त्यापुढं मी मान तुकवतो. जुन्या दुकानात फळीच्या अलीकडे उभं राहणं सगळ्यांना सारखं नव्हतं. पाटलांना खुर्ची, मास्तरांना चहा, आणि कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आलेली बाई कोपऱ्यात उभी. तिला कोणता तांदूळ द्यायचा हे दुकानदार तिच्या लुगड्याकडे पाहून ठरवायचा आणि वहीत काय मांडलं हे तिला वाचता येत नसे. मार्टात तीच बाई पाकीट हातात घेते, उलटं करून पाहते, न आवडलं तर परत ठेवते. भाव सगळ्यांना एकच, आणि रांगेत पाटील तिच्या मागे. ही लहानसहान गोष्ट नाही. पण त्यानं माझं म्हणणं खोडलं जात नाही. ज्या कामात मान आहे ते कामच असतं, आणि मान दिला म्हणून मजुरी बुडवता येत नाही.

हा हिशेब उघडपणे मांडणारी माणसं याच महाराष्ट्रात आहेत. १९७५ साली उभ्या राहिलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं मिळून एक गट करतात. महिन्याचा माल एकत्र घाऊक घेतला जातो, तो गटातल्या एखाद्याच्या घरी उतरतो आणि सभासदच आळीपाळीनं त्याची वाटणी करतात. तिथंही तोलण्या-उचलण्याचं काम गिऱ्हाईकच करतं. मात्र हे काम आपण करतो म्हणून माल स्वस्त पडतो, हे तिथं सगळ्यांना माहीत असतं आणि ‘आपली बचत’ म्हणून कोणी वर उपकार करत नाही. गिऱ्हाइकाच्या कामाला मोल असतं हे चंदीगडच्या ग्राहक मंचानंही २०१९ मध्ये मानलं. एका बूट कंपनीनं गिऱ्हाइकाकडून पिशवीचे ३ रुपये घेतले होते, आणि पिशवीवर छापलेली होती कंपनीचीच जाहिरात. म्हणजे जाहिरात वाहून न्यायची आपण आणि हमालीही द्यायची आपणच. मंचानं त्या ३ रुपयांपायी कंपनीला एकंदर ९,००० रुपये भरायला लावले.

मग मार्टात जाऊच नये का? जरूर जावं. कामाचा दर बरा असेल तर कोण कशाला सोडेल? फक्त उपकाराच्या भावनेनं जाऊ नये. मारेगावच्या शेतकऱ्याला दोन्ही टोकांना दुसऱ्यानं ठरवलेला भाव मिळतो. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. कागदावर तो किमान असतो, बाजारात बहुतेकदा तोच कमाल ठरतो. भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर कापसात ओलावा ८ टक्क्यांवर गेला की भाव कापतात आणि १२ वर गेला की माल परत. थोडा कापूस चिमटीत धरून, यंत्र खुपसून, नाक मुरडून ग्रेडर पाहतो, आणि शेतकरी त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. मार्टात पाकिटावर कमाल किंमत छापलेली असते, तिच्यातून थोडी कापून ‘सवलत’ म्हणतात. इथं ग्रेडर आपण आहोत, हे आपल्या लक्षात येत नाही, एवढंच. फळीवरचा भाव आणि बिलातला भाव एकच आहे का, एकावर एक फुकटमधला पहिला केवढ्याला पडला, पाकीट तेवढंच दिसत असलं तरी आतले ग्रॅम कमी झालेत का, हे काउंटर सोडण्याआधी नाक मुरडून पाहावं. मागची रांग कुरकुरेल, पण तीही मजुरांचीच आहे, समजून घेईल. आणि पट्टीवर शेवटी छापलेलं ‘धन्यवाद, पुन्हा या’ हे आभार नाहीत, पुढच्या खेपेच्या कामाचं बोलावणं आहे. दर पटला तर जावं.