माननीय पक्षश्रेष्ठींस, आवाजी नमस्कार

प्रति,
माननीय पक्षश्रेष्ठी
(सर्व पक्षांचे, कारभार एकच, म्हणून पत्रही एकच)

साष्टांग नमस्कार वि. वि.

पत्रास कारण की, आम्ही निवडून दिलेला आमदार वादग्रस्त विधेयकावर नेमका कोणत्या बाजूला होता, हे आम्हाला हल्ली कळेनासं झालं आहे. हे काही त्याचं कर्तृत्व नव्हे, तेवढा तो हुशार नाही. श्रेय तुमचंच, म्हणून जाहीर अभिनंदन.

लोकांना उगाच वाटतं की तुमचं हत्यार म्हणजे व्हीप, अर्थात पक्षादेश. आहेच म्हणा. तीन ओळींचा कागद निघाला की आजारी माणूससुद्धा सभागृहात येऊन बसतो. 1985 साली आयाराम-गयारामांना आळा घालायला संविधानात दहावं परिशिष्ट आलं. तुम्ही त्याचा कासरा केलात. पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा मत द्यायचं टाळलं तर सदस्यत्व जाऊ शकतं, मग ते विधेयक सरकार पाडणारं नसलं तरी. पक्षानं 15 दिवसांत माफ केलं तर वाचला. म्हणजे फटकाही तुमचा आणि फुंकरही तुमचीच.

मात्र नियम फक्त एकट्यादुकट्यासाठी. पक्षातून फुटून सुरतमार्गे गुवाहाटी गाठणाऱ्या आमदारांचा निकाल 10 जानेवारी 2024 रोजी लागला, तेव्हा शिवसेनेच्या दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. एकानं स्वतःचं डोकं वापरलं तर बंडखोर. पुरेसे जण एकदम निघाले तर तोच खरा पक्ष! हा हिशेब आम्हाला शाळेत कोणी शिकवला नव्हता.

पण तुमची खरी कारागिरी व्हीपमध्ये नाही. मतच नोंदवलं जाऊ नये, याची तजवीज करण्यात आहे.

10 जुलै 2025 घ्या. महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक. त्यावर 12 हजारांहून अधिक सूचना-हरकती आल्या होत्या, संयुक्त समितीत विरोधकही बसले होते. विधानसभेत काय झालं? आवाजी मतदान. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं, होयचं बहुमत, विधेयक मंजूर. डहाणूचे माकपचे विनोद निकोले एकटे विरोधात उभे राहिले. बाकीच्या विरोधकांना विधेयकातला धोका दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत दिसला, आणि तिथं त्यांनी काय केलं? सभात्याग! 288 जणांच्या सभागृहात कोण ओरडलं, कोण पुटपुटलं आणि कोण मोबाइलमध्ये बघत होतं, याची नावानिशी नोंद नाही. सत्ताधारी खूश, विरोधकही सुखरूप.

सभात्याग ही तर तुमची खास चीज. साधं विधेयक मंजूर व्हायला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत लागतं. म्हणजे विरोधक बाहेर गेला की तेवढा आकडा सरकारला सोपा होतो. 30 जुलै 2019 रोजी राज्यसभेत तिहेरी तलाकचं विधेयक 99 विरुद्ध 84 असं मंजूर झालं. जनता दल (संयुक्त) आणि अण्णा द्रमुक यांनी ‘विरोध’ म्हणून सभात्याग केला होता. विरोध होता म्हणून ते बाहेर गेले, आणि असे बरेच जण आत नव्हते म्हणूनच विधेयक तरलं. त्याच वर्षी डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्तीला शिवसेनेनं लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत सभात्याग केला. दोन दिवसांत दोन भूमिका, आणि दोन्हींना टाळ्या.

एप्रिल 2025 मध्ये बिजू जनता दलानं तर कमालच केली. वक्फ विधेयकाला आधी विरोध जाहीर केला आणि ऐन वेळी राज्यसभेतल्या खासदारांना सांगितलं, सद्सद्विवेकबुद्धीनं मत द्या. वर्षभर कुलपात ठेवलेली ही बुद्धी नेमकी मतदानाच्या दिवशीच कशी सापडते, हे एकदा आम्हालाही सांगा.

आणि कोणी मतविभाजन, म्हणजे नावानिशी मतनोंदणी, मागितलीच तर? 20 सप्टेंबर 2020 रोजी राज्यसभेत कृषी विधेयकांवर ते मागितलं गेलं. पीठासीन अधिकाऱ्यांनी आवाजी मतदानावर भागवलं. गोंधळ झाला आणि दुसऱ्या दिवशी आठ खासदार निलंबित, त्यात आपल्या महाराष्ट्राचे राजीव सातवही होते. गोंधळाची शिक्षा नावानिशी झाली, मतांची नोंद मात्र झाली नाही. ते कायदे वर्षभरानं मागेच घ्यावे लागले. त्या दिवशी नेमके कोण बाजूनं होते, हे विचारायला आज शेतकऱ्याकडे यादी नाही.

तर विनंती एवढीच. पुढच्या अधिवेशनात वादाचं विधेयक आलं की मतविभाजन मागा. होय कोण, नाही कोण, गैरहजर कोण, ही नावं दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात येऊ द्या. तुमच्या वाढदिवसाच्या जाहिराती छापून येतात, तेवढ्याच जागेत मावतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बोटाला शाई लावून घेतलेला एक मतदार

ता. क. : मतविभाजन मागायला आमदार कचरत असतील, तर त्यासाठी तीन ओळींचा व्हीप काढा. आमची हरकत नाही.