घरगुती उपसा योजना

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लग्नाकार्यात गुडघ्यांबद्दल विचारतात, पेन्शनबद्दल विचारतात. पाण्याबद्दल कुणी विचारत नाही. त्यामुळे न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला आणि "मामा, पाच फूट हेडवर तासाला तीन हजार लिटर पाणी चढवायचंय, पंप कसा निवडायचा?" असं त्यानं विचारलं, तेव्हा मी टीव्हीचा आवाज बंद केला. हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची! ताकारी-म्हैसाळच्या उपसा सिंचन योजनांच्या परिसरात सारी नोकरी काढली, पाणी वर नेणाऱ्या रायझिंग मेनच्या सावलीत बसून जेवणाचे डबे खाल्ले, पण आमच्या घराण्यात हा शब्द कुणी आपणहून उच्चारल्याचं आठवत नाही. मी लगेच कामाला लागलो. "क्षेत्र किती?"

"बारा चौरस फूट."

"आणि पीक?"

"प्रवाळ, मामा."

पुढे उन्हाळ्यात त्याच्याकडे जाणं झालं आणि सगळा प्रकल्प प्रत्यक्ष पाहिला. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेची टाकी. चोवीस घनफूट, म्हणजे ६८० लिटर. तिकडे तिला १८० गॅलनची टाकी म्हणतात. भरली की पाणीच सातशे किलोच्या घरात जातं. काच, दगड आणि खालचं कपाट धरलं तर टनाच्या आसपास ऐवज दिवाणखान्यात उभा. मासे आठ-दहा. बाकी सगळे प्रवाळ, म्हणजे झाडासारखे दिसणारे आणि दगडासारखे वागणारे प्राणी.

या छंदाला मासे पाळणं म्हणतात ते सोयीसाठी. मासे आपलं आपण बऱ्यापैकी बघतात. पाळावं लागतं ते पाणी. त्याला २५-२६ अंश तापमान लागतं, हजार भागांत ३५ भाग क्षार लागतात, वाफ झाली की तेवढंच गोडं पाणी वरून घालावं लागतं, आणि ते एका जागी स्वस्थ बसलं की आजारी पडतं. इतक्या नखऱ्यांचं पाणी मी नोकरीत पाहिलं नव्हतं. आमच्या कालव्याच्या पाण्यात म्हशी बसायच्या.

योजना मात्र ओळखीची निघाली. वरच्या टाकीला एका कडेला सांडवा. त्यावरून पाणी पाइपातून खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरतं. तिला सम्प म्हणतात. मी तिला मनातल्या मनात जॅकवेल, म्हणजे उपशाची विहीर, म्हणत राहिलो. गाळणं, फेस काढणं, तापवणं अशी सगळी मंडळी या जॅकवेलमध्ये बसतात, म्हणजे पाहुण्यांना वर फक्त सौंदर्य दिसतं. शेवटच्या कप्प्यात रिटर्न पंप. तो पाणी पुन्हा वर चढवतो. तेच पाणी दिवसभर वर जातं, खाली येतं, आणि कुणाचंही शेत भिजत नाही.

भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्रत्येक वस्तू घेण्याआधी तो तिचा तक्ता करतो. पंपांच्या तक्त्यात किंमत, वॅट, आवाज, हमीची वर्षं असे रकाने होते आणि सगळ्यांत ठळक रकाना होता तासाला किती लिटर याचा. तो त्यानं डब्यांवरून उतरवला होता. डब्यावरचा हा आकडा खरा असतो, फक्त तो शून्य हेडचा असतो. म्हणजे पाणी वर चढवायचंच नसेल तेव्हाचा. पाणी जसजसं उंच न्यावं तसतसा तो घसरतो, आणि प्रत्येक पंपाची एक उंची अशी असते की तिथे तो जीव तोडून फिरतो आणि थेंबही पडत नाही. शिवाय पाइपातलं घर्षण आहे, काटकोनातला प्रत्येक एल्बो आपला हप्ता घेतो, आणि पाऊण इंची पाइप टाकून पैसे वाचवणारा माणूस ते पुढे विजेच्या बिलात भरतो. भाच्याच्या जोडणीत सात एल्बो होते. चार काढायला लावले. पाइप दीड इंची करायला लावला. खात्यात असतो तर याचं सुधारित अंदाजपत्रक मंजूर व्हायला वर्ष गेलं असतं.

मग भाचेसुनेनं वेगळाच प्रस्ताव मांडला. "मामा, ते खालचं सगळं तळघरात नाही का नेता येणार? आवाज नको आणि वास नको." मागणी रास्त होती. पण पाच फुटांचा हेड बारा फुटांवर गेला. मी पेन मागितलं. तासाला साधारण ३,४०० लिटर पाणी पाच फूट उचलायला शास्त्राप्रमाणे १४ वॅट पुरतात. बारा फुटांना ३४. पण शास्त्र एकीकडे आणि छोटे पंप दुसरीकडे. त्यांची कार्यक्षमता इतकी बेताची की प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट वीज लागते. आणि हा पंप आपल्या शेतीपंपासारखा आठ तास थ्री-फेज आली की चालणारा नव्हे. तो चोवीस तास, वर्षभर. नुसता १०० वॅटचा पंप वर्षाला ८७६ युनिट खातो. पाण्यात बुडून चालणारा असेल तर त्यातली बहुतेक वीज उष्णता होऊन पाण्यात उतरते. मग उन्हाळ्यात पाणी थंड करायला चिलर, आणि त्याची वीज वेगळी. हा हिशोब भाचेसुनेला दाखवला. तिनं तो शांतपणे वाचला आणि म्हणाली, "बरं, मग कपाटाला रबरी पट्टी लावा. वास तरी अडेल."

पूर्वी सम्पमधून तासाला टाकीच्या दहापट पाणी फिरवावं असं मानत. आता तीन ते पाचपट पुरे म्हणतात, आणि मला हे पटलं. सम्पमध्ये गाळणारी यंत्रं एका वेळी जेवढं पाणी हाताळू शकतात त्याहून जास्त पाणी त्यांच्या अंगावर घातलं तर ते नुसतंच शेजारून निघून जातं. वर बिल आणि खळखळाट.

पंपाच्या अंतरंगाची गोष्ट अवघड होती. माझी श्रद्धा किर्लोस्करवाडीवर. ओतीव लोखंडाचा देह, ब्राँझचा इम्पेलर, म्हणजे आतला फिरता पंखा. विहिरीत उतरला की मुलगा मोठा होऊन बापाला विचारायचा, हा पंप कधीचा? तसला पंप इथे पाण्याला लागला तर लोखंड खाऱ्या पाण्यात गंजेल हे एक वेळ सोडा, ब्राँझमधलं तांबं घात करील. गोगलगाई, झिंगे, प्रवाळ या बिनकण्याच्या जिवांना तांब्याचा अंशही विषारी. म्हणून या पंपांच्या पोटात धातू पाण्याला शिवत नाही: शाफ्ट सिरॅमिकचा, इम्पेलर प्लास्टिकचा, आत चुंबक, मोटर राळेत बंद. हातात घेतला तर खेळणं वाटतो. पहिल्यांदा मी तो नाइलाजानं पाहिला, दुसऱ्यांदा आदरानं. विशेषतः डीसी मोटरचे पंप, ज्यांचा वेग कमी-जास्त करता येतो. वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळजवळ निम्म्यावर येते, कारण विजेची मागणी वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. म्हणून गरजेपेक्षा थोडा मोठा डीसी पंप घेऊन तो हळू चालवायचा. हे भाच्याला इतकं आवडलं की त्यानं तक्त्यात एक रकाना वाढवला.

आता गाळण्याबद्दल. पाणी सम्पमध्ये उतरतं तिथे २०० मायक्रॉन जाळीची एक मोज्यासारखी पिशवी टांगलेली असते. ती तीन-चार दिवसांनी बदलावी लागते, नाहीतर तुंबून वरून वाहते. हे मोजे कपडे धुण्याच्या यंत्रात टाकायचे की नाही यावर त्या घरात जी चर्चा झाली ती मी वरच्या खोलीतून ऐकली. निकाल भाच्याच्या विरुद्ध गेला.

खरं नवल स्किमरचं. आमच्या सांगलीकडच्या माणसाला तो लगेच कळतो, कारण गुऱ्हाळ पाहिलेलं असतं. उकळत्या रसात भेंडीचा चीक घातला की घाण वर येते आणि झाऱ्यानं मळी काढून टाकतात; तेच काम स्किमर हवेच्या बुडबुड्यांकडून करून घेतो. काट्याकाट्यांचा इम्पेलर हवा आणि पाणी घुसळून लाखो बारीक बुडबुडे करतो. माशांची विष्ठा, उरलेलं अन्न, प्रवाळांचा चिकटा यांतल्या प्रथिनांना पाण्यापेक्षा हवेची संगत आवडते. ती बुडबुड्याला चिकटतात, फेस होऊन नळीतून वर चढतात आणि माथ्यावरच्या कपात तपकिरी काढा होऊन साचतात. गोड्या पाण्यात हे जमत नाही, तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. खाऱ्या पाण्यात ते बारीकच राहतात. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर जो फेस लोटतो तो याच जातीचा. कपाचा वास मात्र किनाऱ्याचा नव्हे. रबरी पट्टीचा निर्णय योग्य होता एवढंच सांगतो.

पण इतकी यंत्रं रांगेत उभी केल्यावर कळतं की खरं गाळण वर, दगडांत चाललेलं असतं. माशांनी टाकलेला अमोनिया दगडांवरचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि दगडाच्या आतल्या, प्राणवायू न पोचणाऱ्या भोकांतले दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा वायू करून हवेत सोडून देतात. पगार नाही, वीज नाही, हमीपत्र नाही. १९६१ साली जकार्त्याच्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मत्स्यमासिकात लिहून सांगितलं होतं की समुद्रातून आणलेले जिवंत दगड आणि थोडे हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगतात. भाच्याला हे माहीत होतं. तरी तक्ता वाढतच होता. त्याचं म्हणणं, ली यांच्या हाताशी समुद्र होता.

समुद्र हाताशी नसताना काय करायचं, याचं उत्तर ली यांच्याही आधी एका बाईनं दिलं होतं. १८४६ साली ॲना थिन यांनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला, वेस्टमिन्स्टरच्या आपल्या घरी आणले. समुद्राचं पाणी सारखं मागवणं जमेना, तेव्हा असलेलंच पाणी ताजं करायचं ठरलं. उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतत राहायचं, अर्धा-पाऊण तास. हे काम घरातल्या मोलकरणीचं. अभियंता म्हणून या योजनेची नोंद मी अशी करीन: हेड दोनेक फूट, विसर्ग एक भांडं, आवाज जवळजवळ नाही, तोंडातल्या तोंडात ती जे बोलली असेल ते सोडून. प्रवाळ जगले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, पुढच्या वर्षी फिलिप गॉस यांचं 'द ॲक्वेरियम' आलं आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यांत काचेच्या टाक्या शिरल्या. आज बाजारात आहेत ते सगळे पंप त्या मोलकरणीचे बदली कामगार. ती एकच होती. भाच्याकडे पाच लागले.

पाचांतले दोन वर टाकीत असतात. त्यांना वेव्हमेकर म्हणतात. प्रवाळ जागचा हलत नाही, त्यामुळे अन्न त्याच्यापर्यंत यावं लागतं आणि चिकटा वाहून जावा लागतो, तोही एकाच बाजूनं नव्हे, समुद्रात हेलकावतं तसा. तासाला टाकीच्या वीस-तीसपट पाणी हलवायचं, म्हणजे वीस हजार लिटरपर्यंत! हा आकडा ऐकून माझा जुना जीव दचकला. पण हे पंप पाणी उचलत नाहीत, नुसतं ढकलतात. पंखा मोठा, हेड नगण्य, वीज मामुली. काहींची मोटर काचेबाहेर असते आणि आतला पंखा तिच्या चुंबकाच्या ओढीनं फिरतो. उपसा महाग, वाहणं स्वस्त, हे आम्ही जतच्या शेतकऱ्यांना पटवता पटवता म्हातारे झालो. इथे भाच्याला एका संध्याकाळी पटलं.

वीज जाण्याच्या विषयावर मी अधिकारवाणीनं बोललो. तिकडे २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी वादळात लाखो घरं कित्येक दिवस अंधारात राहिली, ती आठवण लोक अजून काढतात. आपल्याकडे ती आठवण काढायला सवडच मिळत नाही. वीज गेली की दोन गोष्टी होतात. पहिली, रिटर्न पंप थांबतो आणि वरचं पाणी पाइपातून उलटं खाली यायला लागतं. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे बरोबर एक घनफूट, २८ लिटर. दोन-तीन इंच उतरलं की सम्प भरून गालिच्यावर. म्हणून सम्प नेहमी अर्धवट रिकामा ठेवायचा आणि परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीजवळ एक बारीक भोक पाडायचं, म्हणजे हवा शिरून उलटा ओघ तुटतो. दुसरी गोष्ट जास्त वाईट: पाणी हलायचं थांबलं की त्यातला प्राणवायू संपत जातो. तेव्हा बॅटरीवर आधी टाकायचा तो वेव्हमेकर. रिटर्न पंपाची पाळी नंतर.

हे वाचून पुण्या-मुंबईच्या कुणाला हुरूप आला तर त्यानं एक लक्षात ठेवावं. आपल्याकडे २००१ पासून कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्यानं पहिल्या परिशिष्टात घातलं आहे. समुद्रातून उचलून आणणं म्हणजे थेट गुन्हा. मालवणला जाऊन, पाण्यात डोकं घालून पाहा. तिथे पंप लागत नाही.

भाच्यानं शेवटी एका मोठ्याऐवजी दोन छोटे डीसी रिटर्न पंप घेतले, एक बंद पडला तरी दुसरा टाकी जिवंत ठेवील या हिशोबानं. स्किमरमधला पाचवा. तुम्हीही पंप घेणार असाल, टाकीला किंवा गच्चीवरच्या हौदाला, तर डब्याच्या पुढच्या बाजूचा आकडा वाचू नका. हेड आणि विसर्गाचा आलेख मागा. दुकानदार आलेख दाखवू शकला नाही तर पंप घेऊ नका.