स्टिकच्या मुठीचं गोंदपुराण

पूलच्या स्टिकला मुठीपाशी कातडं गुंडाळायची चाल अमेरिकेकडची. स्नूकरची स्टिक बहुधा उघडीच असते, नुसतं पॉलिश केलेलं लाकूड. पण एप्रिलमध्ये बीडचा पारा चाळिशी ओलांडतो, क्लबातला पंखा गरम वारा फेकतो आणि घामेजल्या हातातून मूठ सुळकन सरकते. काळीच्या आधी पांढरी खड्ड्यात गेली की खेळणारा दोष मुठीला देतो. तुमच्यावर ही वेळ आली असेल आणि मुठीला कातडं चिकटवायचं असेल, तर पुढे वाचा.

सर्वप्रथम, कोणता गोंद घ्यावा हे क्लबात विचारू नका. तिथे ज्याला नेम जमत नाही त्याला गोंदातलं सगळं कळतं.

पहिला सल्ला फेविक्विकचा येईल. पाच रुपयांत काम होतं, हे खरं. कुठलं काम, एवढंच विचारायचं राहून जातं. हा पाण्यासारखा पातळ द्रव कातड्यात झिरपतो, वरून काळपट डाग उमटतो आणि मऊ मूठ टणक होते. चार शॉटांत कड तडकते. शिवाय बोटं स्टिकला चिकटली, तर पुढचा डाव तुमचाच, कारण स्टिक दुसऱ्याला देताच येणार नाही. सुती फडक्याने पुसायला जाऊ नका. सुतावर हा गोंद एकदम तापतो आणि चटका बसतो.

दुसरा गट अ‍ॅरल्डाइटवाला. दोन ट्यूबा सारख्या मापाने कालवायच्या, त्यामुळे आपण काहीतरी शास्त्रीय करतोय असं वाटतं. पकड जबरदस्त. इतकी, की वर्षभराने कातडं बदलायला गेलात तर लाकडाचे टवके सोबत निघतील. नाती चिकटवायची असतील तर हरकत नाही. मुठीचं कातडं हे बदलायचंच असतं.

पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन स्वस्त आणि ओळखीचं. ते रबराला रबर जोडण्यासाठी आहे. उन्हात उभ्या मोटारसायकलवर स्टिक तासभर राहिली की कातडं जागचं फिरू लागतं.

पांढरा फेविकॉल १९५९ पासून सुतारांच्या हातात आहे आणि इथे तो दिसतो तेवढा मूर्ख नाही. ओला असेपर्यंत कातडं सरकवून शिवण सरळ रेषेत आणता येते, नवशिक्याला याहून काय हवं? मात्र रात्रभर आवळून ठेवावं लागतं. सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापा आणि ताणून वरून गुंडाळा. बाजारात याहून चांगला शिकंजा नाही. खोट एकच: पाण्याशी त्याचं जमत नाही, आणि तुमच्या हाताला घाम येतो म्हणूनच तर हा सगळा उद्योग.

म्हणून चपला शिवणाऱ्याकडे जा. त्याच्या डब्यात एसआर नावाचा पिवळसर, उग्र वासाचा रबरी गोंद असतो. तो आधी जुनं पॉलिश कानशीने खरवडेल, शेळीच्या पातळ कातड्याच्या कडा रापीने आणखी तासेल, म्हणजे जोडावर उंचवटा येणार नाही. मग लाकडाला आणि कातड्याला, दोन्हीकडे पातळ हात मारेल आणि स्वस्थ बसेल. इथेच नवशिका चुळबुळतो. "चिकटवा की मामा!" "काय घाई करायलाव मालक? बोटाला लागंना झालं की मग." बोट टेकवलं तर चिकटायला नको, तेव्हा हा गोंद चिकटतो, कारण आतलं द्रावक उडून गेल्याशिवाय रबराची पकड येत नाही. नगर–बीड–परळी रेल्वे १९९५ मध्ये मंजूर झाली आणि बीडला प्रवासी गाडी १७ सप्टेंबर २०२५ ला लागली. त्या जिल्ह्याच्या माणसाला दहा मिनिटं थांबवत नाही, ही मौजच. टेकवताना मात्र नेम धरून टेकवायचं. एसआर दुसरी संधी देत नाही. आणि डबा उघडा असताना शेजारी विडी पेटवू नका.

इतकं सगळं सांगून एक गोष्ट कबूल करायला हवी. बीड जुन्या काळी ज्या कातडी छागलींसाठी नावाजलं होतं, त्या उन्हात पाणी गार ठेवणाऱ्या पिशव्या शिवणीवर उभ्या होत्या. कसबी हाताने मुठीचं कातडं ओलं करून ताणून शिवलं, तर वाळताना ते आपोआप आवळतं. गोंद उरतो तो फक्त कातडं फिरू नये म्हणून. पण तो कसबी हात शोधायला निघालात, तर क्लब बंद व्हायची वेळ होईल.

शेवटची सूचना वाहतुकीची. याच गावची दुसरी जुनी ख्याती गुप्तीची, म्हणजे काठीत लपवलेल्या पात्याची. कातडी मुठीची, मधोमध फिरकीने उघडणारी काठी घेऊन रात्री बसस्टँडवरून जाताना पोलिसाने हटकलं, तर मूठ फिरवून दाखवायला जाऊ नका. आधी खिशातला निळा खडू काढा.